माहेरची साखर, सासरची साखर : प्रस्तावना

गरोदरपणात साखर वाढलेली निघाली की घरात पथ्याच्या आधी दोषारोप सुरू होतात. आंबे खाल्ले, पेढे खाल्ले, डोहाळे पुरवायच्या नादात कुणाला भान राहिलं नाही, दुपारभर लोळत पडली, असं एकेक कारण सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीकडे तयार असतं. ते ऐकून ऐकून त्या बाईलाही वाटू लागतं की बाळाला काही झालं तर ते आपल्याच जिभेपायी. प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरांना हा चेहरा चांगला ओळखीचा आहे. रिपोर्टवरचा आकडा ऐकल्यावर 'आता काय करायचं' हे ती नंतर विचारते. 'माझं काय चुकलं' हे आधी विचारते.

त्या पहिल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे. गरोदरपणात मधुमेह कुणाला होणार यात खाण्यापिण्याचा, वजनाचा, वयाचा वाटा आहेच, आणि तो इथे कुठेही कमी लेखलेला नाही. पण त्याच्याही आधीचा एक वाटा असतो. गरोदर बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच तो तिच्या पदरात पडलेला असतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा हा वाटा समजून घेतला की अपराधीपणाचं ओझं उतरतं आणि काय तपासायचं, कधी तपासायचं, हे वेळेआधी कळतं. माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, आनुवंशिक जोखीम ही वेळेवर मिळू शकणारी सूचना आहे, आणि बहुतेक घरांत ती मिळवण्यासाठी महागड्या तपासण्यांची गरज नसते. घरातल्या माणसांना नीट, मोकळेपणाने विचारावं लागतं.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. बाळाला वाढीसाठी साखर हवी असते आणि ती त्याला आईच्या रक्तातून वारेवाटे मिळते. हा पुरवठा अखंड राहावा म्हणून वार स्वतःच काही संप्रेरकं तयार करते. ह्यूमन प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे त्यातलं एक. जोडीला प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल वाढतात. या सगळ्यांमुळे आईच्या स्नायूंवर आणि यकृतावर इन्सुलिनचा असर कमी होत जातो. पाचव्या महिन्यानंतर हे जाणवण्याइतकं वाढतं आणि शेवटच्या तिमाहीत सर्वांत जास्त असतं. हे प्रत्येक गरोदर बाईच्या बाबतीत घडतं आणि तो आजार नाही. त्यावर उपाय म्हणून स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन वाढवत नेतात, शेवटी शेवटी दुपटीहून जास्त. लग्नघरी दोनशे पानांचा अंदाज असताना पाचशे माणसं आली, तर ज्या आचाऱ्याकडे शिधा आणि हात जास्तीचे आहेत तो पंगत निभावून नेतो. ज्याच्याकडे नेमकंच आहे त्याची तारांबळ उडते. रोजच्या स्वयंपाकात दोघांमधला फरक कळत नाही. बीटा पेशींच्या राखीव ताकदीचंही तसंच असतं. ती बेताची असलेली बाई एरवी ठणठणीत असते, अंगाने बारीकही असू शकते. गरोदरपणात मात्र तिच्या बीटा पेशी कमी पडतात. आजवर सापडलेली जोखमीची बहुतेक जनुकं याच राखीव ताकदीशी संबंधित आहेत.

या आजाराचा शोध दोन वाटांनी झाला. कोपनहेगनचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात बाळाच्या बाजूने विचार मांडला. आईची जास्तीची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठवत मोठं होतं. चार किलोच्या पुढचं बाळ, बाळंतपणात खांदा अडकणं, जन्मल्यावर काही तासांत बाळाची साखर एकदम उतरणं, या सगळ्यामागे हीच साखळी आहे. दुसरी वाट बॉस्टनची. जॉन ओसलिव्हन आणि क्लेअर महन यांनी १९६४ साली ७५२ गरोदर स्त्रियांच्या ग्लुकोज-चाचण्यांवरून निकष ठरवले. पुढच्या आयुष्यात कुणाला मधुमेह होईल हे या चाचणीवरून सांगता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं, आणि सांगता येतं असं दिसलं. म्हणजे ही चाचणी सुरुवातीपासूनच आईच्या अंगभूत प्रवृत्तीचा वेध घेत आली आहे. आज आपण तिच्याकडे फक्त नऊ महिन्यांची तपासणी म्हणून पाहतो, ही आपली मोठी चूक आहे, आणि या पुस्तकात त्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवलं आहे.

पुढे २००८ साली नऊ देशांतल्या सुमारे २५,००० स्त्रियांवरचा हापो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळाचा धोका कुठल्याही एका आकड्यावर सुरू होत नाही, साखर चढेल तसा तोही चढत जातो, हे त्याने दाखवलं. भारतात चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी गावातल्या केंद्रातही करता येईल अशी पद्धत रुजवली. बाई उपाशी असो वा जेवून आलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहाटेची एसटी पकडून तालुक्याला येणाऱ्या बाईला उपाशीपोटी ताटकळावं लागत नाही, ही या पद्धतीतली माणुसकी मला फार मोलाची वाटते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हीच पद्धत आहे. पहिल्या भेटीतच चाचणी करायची, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची. डॉ. शेषय्यांचा वाढदिवस, १० मार्च, हा दिवस आपल्याकडे या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

आता जनुकांकडे वळू. जनुक म्हणजे पेशीने एखादं प्रथिन कसं घडवावं याची डीएनएमध्ये लिहिलेली सूचना. प्रत्येक सूचनेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. ठिकठिकाणी एखादं अक्षर माणसागणिक वेगळं असतं. अशा फरकाला या पुस्तकात रूपभेद म्हटलं आहे. बहुतेक रूपभेदांनी काही बिघडत नाही. काहींनी मात्र एखाद्या पेशीची कार्यक्षमता थोडी कमी-जास्त होते.

२००६ साली आइसलंडमधल्या डीकोड जेनेटिक्स या संस्थेच्या संशोधकांनी दहाव्या गुणसूत्रावरच्या टीसीएफ७एल२ या जनुकाचा टाइप २ मधुमेहाशी असलेला संबंध दाखवला. त्यातल्या एका रूपभेदाची एक प्रत असेल तर मधुमेहाची शक्यता साधारण दीडपट होते, दोन्ही प्रती तशा असतील तर दुपटीच्या आसपास जाते. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबीतले गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने भारतीयांमध्येही तोच संबंध ठळकपणे दिसतो हे सिद्ध केलं. हा रूपभेद आपल्याकडे दुर्मीळ नाही. तो असलेल्या माणसाच्या बीटा पेशी जेवणानंतर मिळणाऱ्या संदेशाला जरा कमी प्रतिसाद देतात. गरोदरपणातल्या मधुमेहाशीही त्याचा संबंध अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळला आहे.

गरोदरपणातल्या मधुमेहासाठी संपूर्ण जनुकसंच चाळणारा अभ्यास कोरियात झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन जनुकं ठळकपणे वर आली. पहिलं सहाव्या गुणसूत्रावरचं सीडीकेएएल१. बीटा पेशीत इन्सुलिनचा रेणू अचूक घडायला या जनुकाची मदत लागते. दुसरं अकराव्या गुणसूत्रावरचं एमटीएनआर१बी, आणि त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर स्रवणारं, झोपेशी जोडलेलं संप्रेरक. त्याचा संदेश पेशीला पोचवणारे रेणू एमटीएनआर१बी जनुकावरून घडतात. एका रूपभेदामुळे बीटा पेशींवर हे रेणू जास्त तयार होतात. मग रात्री मेलाटोनिन वाढलं की इन्सुलिन प्रमाणाबाहेर आवरलं जातं आणि सकाळची उपाशीपोटीची साखर थोडी वर राहते. एरवी हा फरक लक्षातही येणार नाही इतका असतो. गरोदरपणात, बीटा पेशींवर सगळ्यांत जास्त ताण असताना, तोच निर्णायक ठरू शकतो.

हापो अभ्यासातल्या स्त्रियांच्याच रक्तनमुन्यांवरून २०१३ साली एचकेडीसी१ हे आणखी एक जनुक पुढे आलं. साखर पेशीत शिरल्यावर तिला पकडून कामाला लावण्याच्या पहिल्या पायरीशी त्याचा संबंध आहे, आणि ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी गरोदर बाईची साखर किती राहते यावर त्याचा प्रभाव दिसतो. मग २०२४ साली फिनलंडच्या फिनजेन प्रकल्पातला मोठा अभ्यास आला. गरोदरपणातला मधुमेह झालेल्या १२,३३२ स्त्रियांची तुलना तो न झालेल्या, मुलं असलेल्या १,३१,१०९ स्त्रियांशी केली गेली आणि जनुकसंचातल्या १३ जागा निश्चित झाल्या. त्यांतल्या काही टाइप २ मधुमेहाशी सामायिक होत्या, तर काहींचा प्रभाव मुख्यतः गरोदरपणातल्या साखरेवरच दिसला. गरोदरपणातला मधुमेह म्हणजे वेळेआधी उगवलेला टाइप २ एवढंच नसून त्याला स्वतःचं वेगळं अंग आहे, हे त्यातून कळतं.

यातले बरेच मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या स्त्रियांवर झालेले आहेत, आणि आपल्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. दक्षिण आशियाई स्त्रियांमध्ये हा आजार तुलनेने जास्त आणि कमी वजनावरही दिसतो. ब्रिटनमध्ये तर बाईचं मूळ दक्षिण आशियाई आहे एवढं कारणही तिची चाचणी करायला पुरेसं मानलं जातं. पुण्या-मुंबईहून लंडनला किंवा लेस्टरला स्थायिक झालेल्या मराठी मुलींना तिथल्या मिडवाइफ 'तुमचं मूळ कुठलं' हा प्रश्न विचारतात तो त्यामुळेच. कॅनडातल्या स्टार्ट आणि इंग्लंडमधल्या बॉर्न इन ब्रॅडफर्ड या अभ्यासांतल्या दक्षिण आशियाई स्त्रियांची माहिती घेऊन २०२२ साली एक विश्लेषण झालं. अनेक रूपभेदांची बेरीज करून काढलेला टाइप २ मधुमेहाचा जोखीमांक ज्यांचा जास्त, त्यांना गरोदरपणातला मधुमेहही जास्त, असं त्यात आढळलं.

हे सगळं वाचताना एक पथ्य पाळायला हवं. या रूपभेदांपैकी कुठलाही एकटा मधुमेह घडवत नाही. प्रत्येकाचा भार थोडाथोडा असतो. टीसीएफ७एल२च्या दोन्ही प्रती जोखमीच्या असलेल्या कित्येक बायका तीन-तीन बाळंतपणं साखर न वाढता पार पाडतात, आणि जिच्याकडे यातलं फारसं काही नाही तिलाही मधुमेह होऊ शकतो.

याला अपवाद आहे तो एकाच जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या मधुमेहाचा. त्याला मॉडी म्हणतात, आणि त्यातला जीसीके जनुकाचा प्रकार गरोदरपणात फार विचार करायला लावतो. या जनुकावरून घडणारं ग्लुकोकायनेज हे प्रथिन रक्तात साखर किती आहे हे बीटा पेशीला कळवतं. त्याची एक प्रत सदोष असेल तर साखर जरा वरच्या पातळीवर स्थिरावते. उपाशीपोटीची साखर जन्मापासून १०० ते १४५च्या दरम्यान राहते, जेवणानंतर ती फारशी उसळत नाही, वर्षानुवर्षं वाढतही नाही, आणि एरवी औषधाची गरज बहुधा पडत नाही. अशा बाईची साखर आयुष्यात पहिल्यांदा तपासली जाते ती बहुतेक वेळा दिवस गेल्यावर, आणि तिच्या कागदावर गरोदरपणातला मधुमेह असा शिक्का बसतो.

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. तिचं सदोष जनुक बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. बाळाकडे ते गेलं नसेल तर आईची वाढीव साखर त्याला जास्त वाटते, ते इन्सुलिन वाढवतं आणि मोठं होतं. गेलं असेल तर आईची पातळी आणि बाळाची पातळी जुळते, आणि बाळ नेहमीच्या वजनाचं जन्मतं. अशा बाळासाठी आईची साखर इन्सुलिन देऊन जोराने खाली आणली, तर ते लहान राहण्याचा धोका असतो. इंग्लंडमधल्या एक्झेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे कुटुंबाकुटुंबांतल्या जन्मवजनांवरून दाखवून दिलं. फरक साधारण अर्ध्या किलोचा होता. म्हणून अशा गरोदरपणात नुसत्या साखरेच्या आकड्यावर उपचार ठरवत नाहीत. सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर कसा वाढतो आहे ते पाहून इन्सुलिनचा निर्णय घेतात. असे रुग्ण थोडे असतात, हे खरं. पण उपाशीपोटीची साखर वाढलेली, जेवणानंतर फारशी न चढणारी, अंगाने सडसडीत, आणि आई किंवा वडिलांना तरुणपणापासून 'थोडीशी साखर' असलेली बाई समोर आली, तर हा विचार डॉक्टरांच्या मनात यायलाच हवा.

जे घराण्यात चालत येतं ते सगळं जनुकांतून येतं असं समजणंही चूक ठरेल. अमेरिकेत अॅरिझोनातल्या पिमा या आदिवासी समाजाच्या अभ्यासातून हे फार स्वच्छ दिसलं. एकाच आईची दोन मुलं, एक तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं, दुसरं नंतर. जनुकं दोघांना त्याच आईबापांची. तरी नंतर जन्मलेल्या भावंडांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. वडिलांना मधुमेह होण्याआधी आणि नंतर जन्मलेल्या मुलांत मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे गर्भाशयात लाभलेल्या साखरेचा स्वतःचा परिणाम असतो, जनुकांपलीकडचा.

आपल्या पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या पुणे मातृपोषण अभ्यासाने याची दुसरी बाजू जगापुढे आणली. या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हातापायांनी, स्नायूंनी बारीक होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. याच अभ्यासात पुढे दिसलं की गरोदरपणात आईला बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलाच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा असर कमी आढळतो. हीच मुलं तरुण झाल्यावर, वजन बेताचं असूनही, अनेकांची साखर वाढलेली निघाली आणि त्याचे धागे गर्भातल्या अपुऱ्या वाढीपर्यंत पोचले. शेतात राबणाऱ्या आणि पोटाला चिमटा घेणाऱ्या आईची मुलगी पुढे स्वतः गरोदर राहते, तेव्हा जनुकांबरोबर हा वारसाही तिच्यासोबत असतो. म्हणून मुलीच्या जातीने शेवटी, उरलंसुरलं जेवायचं ही रीत मोडणं, हाही मधुमेहावरचा उपाय आहे, आणि माझ्या मते त्यात सर्वांत जास्त ताकद आहे.

वारेबद्दलची एक गोष्ट आपल्या घरांत अजून पोचलेली नाही. वार आईच्या शरीरात असली तरी ती घडते बाळाच्या पेशींपासून. तिच्यातली निम्मी जनुकं वडिलांकडची असतात. केंब्रिजमधल्या संशोधनात असं दिसलं की बाळाकडच्या काही जनुकांचा, विशेषतः आईकडून आलं की वडिलांकडून यावर ज्यांचं काम ठरतं अशा जनुकांचा, आईच्या गरोदरपणातल्या साखरेशी संबंध असतो. बाळाला पुढे होणाऱ्या मधुमेहाची जोखीम तर दोन्ही घराण्यांकडून येतेच. सुनेच्या माहेरी साखर आहे म्हणून नाक मुरडणाऱ्या घराने आपल्याही आजोबांच्या गोळ्यांचा डबा आठवावा.

आता ओपीडीतल्या टेबलाजवळ जाऊ. नोंदणीच्या वेळी सिस्टर केसपेपर भरतात. नाव, वय, कितवी खेप, शेवटच्या पाळीची तारीख. मग एका दमात येतो तो प्रश्न, घरात कुणाला बीपी, शुगर? मागे रांग असते, शेजारी सासूबाई बसलेल्या असतात, आणि उत्तर येतं, नाही. कितीतरी घरांत स्थळ बघताना मुलीच्या आईची साखर लपवलेली असते. ती गोष्ट लग्नानंतर सहा महिन्यांनी, सासूसमोर, अनोळखी टेबलाजवळ मुलगी कशी सांगेल? कधी तिला खरंच माहीत नसतं, कारण आईने कधी तपासलंच नाही. कधी ती 'साखर' म्हणजे इन्सुलिन घेणारा माणूस एवढंच समजते आणि गोळी घेणाऱ्या वडिलांना त्यात धरत नाही. माझी सिस्टरांना, आशाताईंना आणि डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे की हा प्रश्न बाईला एकटीला विचारा, आणि सुटा सुटा विचारा. आईला, वडिलांना, भावंडांना साखर आहे का? कितव्या वर्षी निघाली? आईला तुमच्या वेळी गरोदरपणात साखर होती का? तुमचं आधीचं बाळ किती वजनाचं होतं? या चार प्रश्नांत जेवढी आनुवंशिक माहिती मिळते, तेवढी आजच्या घडीला बाजारातल्या थुंकीच्या नमुन्यावरच्या जनुकतपासणीतून मिळत नाही. मॉडीची शंका असेल तेव्हा जनुकतपासणी जरूर करावी. सरसकट गरोदर स्त्रियांसाठी तिची शिफारस नाही, आणि तिच्यामुळे चाचणी चुकवायची मोकळीकही मिळत नाही.

आपल्या रीतींमुळे दोन ठिकाणी तपासण्यांची साखळी तुटते, तीही सांगायला हवीत. दुसरी चाचणी २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात, ओटी भरली की, माहेरी जाते. इकडचे डॉक्टर समजतात तिकडे होईल, तिकडचे समजतात इकडे झाली असेल, आणि नेमकी तीच चाचणी राहून जाते. म्हणून डोहाळजेवणाची तारीख ठरवतानाच चाचणीची तारीख ठरवा, आणि रिपोर्ट पिशवीत घेऊनच माहेरची गाडी धरा. दुसरी जागा बाळंतपणानंतरची. मधुमेह झालेल्या बाईने सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते. आपल्याकडे सव्वा महिना संपतो तो जवळपास त्याच सुमाराला. पण तोवर साखर उतरलेली असते, सगळं लक्ष बाळाकडे असतं, डिंकाचे लाडू सुरू असतात, आणि चाचणी विसरली जाते. सव्वा महिन्यानंतर बाळाला लसीसाठी नेताना आईचीही साखर तपासून घ्यायची, असा नवा रिवाज घराघरांत रुजला तर फार मोठं काम होईल.

कारण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सात ते दहा पट असते. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांतल्या कितीतरी आयांना पहिला इशारा बाळंतपणाच्या फाइलीतच मिळालेला असणार. आणि हा इशारा उपयोगाचा आहे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधक अभ्यासात, पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेल्या आणि साखर सीमारेषेवर असलेल्या स्त्रियांनी वजन उतरवलं, नियमित चालणं ठेवलं, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला. जनुकं तीच राहिली, तरी पुढचं घडणं बदललं. अंगावर पाजण्याचाही आईला लाभ होतो असं अभ्यासांत दिसलं आहे.

पुस्तकाची रचनाही याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात गरोदरपणातली साखर आणि चाचण्या, दुसऱ्यात जनुकं, तिसऱ्यात गर्भातलं पोषण आणि त्याचा पुढच्या पिढीवरचा परिणाम, आणि चौथ्यात बाळंतपणानंतरची वर्षं. जनुकांचा भाग कुणाला अवघड वाटला तर शेवटचा भाग आधी वाचावा, काही अडत नाही. हे पुस्तक गरोदर मुलींइतकंच त्यांच्या नवऱ्यांसाठी, आयांसाठी आणि सासवांसाठी लिहिलं आहे, कारण पथ्याचं ताट कोण वाढणार आणि तपासणीला सुटी काढून कोण सोबत जाणार, हे तीच माणसं ठरवतात.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक काम करा. एका कागदावर आई, आजी, मावशी, आत्या, वडील, काका, मामा, दोन्ही आजोबा यांची नावं लिहा. कुणाला साखर निघाली, कितव्या वर्षी, कुणाला गरोदरपणात होती, कुणाचं बाळ जन्मतः फार मोठं किंवा फार लहान होतं, हे विचारून त्यापुढे लिहा. नवऱ्यालाही त्याच्या बाजूचा असाच कागद करायला सांगा. पहिल्या तपासणीला जाताना दोन्ही कागद बरोबर न्या आणि केसपेपरला टाचायला लावा. आणि पुढे मुलगी लग्नाची झाली की तिच्या वेळच्या तुमच्या गरोदरपणातली साखर स्वतःहून, काही न लपवता तिला सांगा. तिच्या पहिल्या तपासणीच्या वेळी तिच्या डॉक्टरांना ती माहिती सगळ्यांत आधी लागणार आहे.